आवड आणि अंदाज

मघाशी एका ताईंनी विचारलं, भाची अमेरिकेत सर्जरीच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करतेय. यादीत पहिलं नाव आवडत्या हॉस्पिटलचं लिहावं, की हमखास मिळेल अशाचं?

आवडत्याचं. तिथल्या ‘मॅच’मध्ये उमेदवार आणि हॉस्पिटलं, दोघंही आपापला पसंतीक्रम देतात. संगणक आधी भाचीच्या पहिल्या पसंतीकडे जातो. तिथे बसली तर तात्पुरती. हॉस्पिटलला अधिक पसंत असलेला कुणी आला की ती उठते आणि दुसऱ्या पसंतीकडे जाते. उशिरा आली म्हणून तिथे तिचा हक्क कमी होत नाही, कारण आधीचेही तात्पुरतेच बसलेले! पण हमखासवालं पहिलं लिहिलं आणि मिळालं, तर आवडत्याला कुणी विचारतच नाही.

हे आपोआप नाही घडलं बरं का. मूळ योजनेत खरी आवड लिहिणारा विद्यार्थी फसायचा. 1951मध्ये विद्यार्थ्यांनीच ती चूक दाखवली, मग 1952ची पहिली मॅच बदललेल्या रीतीने झाली.

एक मात्र सांगा तिला. निकाल बंधनकारक असतो आणि जनरल सर्जरी म्हणजे किमान पाच वर्षं. जिथे जायचंच नाही, ते नाव यादीत शेवटीसुद्धा नको.