सुई टोचल्यावर खाज सुटली तर?

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली आम्हाला बरेच प्रश्न येतात. सेमाग्लुटाईड आणि टिर्झेपॅटाईड ही ती औषधे. २०२५ पासून ती भारतात वजनासाठी मिळू लागली. डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची आणि आठवड्यातून एकदा आपल्या हातानेच पेनने टोचायची. एका ताईंनी विचारले, "टोचलेल्या जागी रुपयाएवढा लाल डाग पडलाय, खाज सुटते. घरी कुणाला सांगितलेलं नाही. काय करू?"

ताई, लाली, खाज किंवा बारीक गाठ त्या जागेपुरतीच असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती काही दिवसांत ओसरते. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटे धरा. खाजवू नका, चोळू नका. हळद, चुना, बाम यांतले काही लावू नका, त्याने त्वचा आणखी चिडते.

पुढच्या वेळी पेन अर्धा तास आधी फ्रिजमधून काढून ठेवा. गार औषध जास्त झोंबते. स्पिरिट लावले तर ते पूर्ण वाळू द्या. सुई दर वेळी नवी हवी. जागाही बदला: या आठवड्यात पोटाची उजवी बाजू, पुढच्या आठवड्यात डावी, मग एकेक मांडी. बेंबीपासून तीन बोटे लांब टोचा. कुठे टोचले ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे लक्षात राहते.

लाली रोज पसरत गेली, जागा गरम लागली, पू झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अंगभर गांधी उठल्या, तर पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ओठ, चेहरा, घसा सुजला, दम लागला किंवा चक्कर आली, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा. जाताना पेन सोबत न्या.

आता शेवटचे. लोक हसतील म्हणून आपण हे इंजेक्शन लपवतो. पण ऐन वेळी आपल्याला बोलता आले नाही, तर डॉक्टरांना सांगणार कोण? घरातल्या एका तरी माणसाला औषधाचे नाव सांगून ठेवा. वजन कमी करायचे औषध घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.