जुन्या जीपच्या काचा आणि वायपर



कारखान्याचा पट्टा पडला. तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी पोहोचल्या, मिलचे रोलर दुरुस्तीसाठी उघडले गेले आणि आपण सगळे आडसालीच्या लागणीच्या तयारीला लागलो. या दिवसांत बेणे, सरीची रुंदी, खताचे हप्ते यांवर आम्ही नेहमी लिहितो आणि पुढेही लिहू. या अंकात मात्र विषय जरा वेगळा घेतला आहे. आपल्या दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या काचा आणि वायपर.

शहरात जिला एसयूव्ही म्हणतात ती आपल्याकडे अजून 'जीप'च आहे, मग ती कोणत्याही कंपनीची असो. सुमो १९९४ मध्ये आली, बोलेरो २००० मध्ये, स्कॉर्पिओ २००२ मध्ये. त्यानंतर ऊसपट्ट्यात अशा गाड्यांची भर पडतच गेली. लग्नाचे वऱ्हाड, दवाखाना, बाजार, खताची पोती, प्रसंगी शेळीसुद्धा, सगळे एकाच गाडीत. त्यातल्या कितीतरी गाड्यांनी आता दहा-पंधरा पावसाळे खाल्ले आहेत. इंजिनाचे ऑइल मात्र मालक वेळेवर बदलतो. दसऱ्याला बॉनेटवर हार पडतो, चाकाखाली लिंबू जाते. वायपरकडे बघायला मात्र मृगाचा पहिला दणका बसावा लागतो. गाडी पळते कशी हे बघणारे पुष्कळ, पळताना पुढचे दिसते का हे बघणारे थोडे.

मागच्या हंगामात आमच्या एका सभासदांवर आलेला प्रसंग सांगतो. हंगाम सुरू होऊन आठवडाच झाला होता आणि अवकाळी कोसळला. रात्री नऊचा सुमार. आईला तालुक्याच्या दवाखान्यातून घेऊन ते परत निघालेले. गाडी तेरा वर्षांची, इंजिन घड्याळासारखे. ओढ्याच्या अलीकडे वायपर 'खट्' आवाज करून काचेच्या मधोमध उभे राहिले. मोटरीचा घूं-घूं आवाज चालू, पण वायपर जागचे हलेनात. डोके बाहेर काढून रस्ता बघावा म्हणून काचेचे बटण दाबले, तर दाराची काचही खाली येईना. वेग कमी केला म्हणून बरे. चाक निखळलेली एक भरली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. उसाचे बुडखे बॉनेटपासून दोन हातांवर दिसले तेव्हा गाडी थांबली. मागच्या सीटवरच्या आईला काय झाले ते घरी पोहोचल्यावरच सांगितले.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजने सांगितले, "अख्खा सेट बदलावा लागेल, मोटरसकट." दाराच्या काचेचेही तेच. सभासद शहाणे, ते तसेच आपल्या वर्कशॉपच्या मिस्त्रींकडे आले. मिस्त्रींनी बॉनेट उघडून वायपरच्या दांड्या बघितल्या. एका दांडीच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी झिजून बॉल बाहेर आला होता, एवढेच. दाराच्या बटणात पट्टीवर काजळी धरली होती. दोन्ही कामांना दुपार लागली. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, पण 'अख्ख्या सेट'च्या तो जवळपासही नव्हता.

म्हणून वायपरमध्ये असते काय ते आधी समजून घेऊ. एक छोटी मोटर असते. तिच्या आसावर मळसूत्र आणि त्याला लागून दात्याचे चाक. ते चाक गोल फिरते, आणि दांड्यांच्या जोडणीने ते फिरणे मागे-पुढे होणारी हालचाल बनते. उसाच्या रसवंतीचे चाक आणि हातभट्टीचा भाता ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे समजवायला नको. बहुतेक गाड्यांत मोटरीला तीन कार्बन असतात. त्यामुळे हळू आणि जलद असे दोन वेग मिळतात. आणखी एक संपर्कपट्टी असते, तिच्यामुळे बटण बंद केले तरी वायपर अर्ध्यात न थांबता काचेच्या तळाशी जाऊन निजतात.

एवढे कळले की बिघाड बोलू लागतो. मोटरीचा आवाज येतो पण वायपर हलत नाहीत, तर मोटर निर्दोष आहे. वायपरच्या बुडाचे नट सैल झाले असेल, तिथले दाते घासले असतील किंवा वरच्यासारखा बॉल निसटला असेल. जलद चालतात पण हळू चालत नाहीत, तर हळू वेगाचा कार्बन संपला किंवा बटणाची पट्टी गेली. बंद केल्यावर वायपर कुठेही मध्येच थांबतात, तर ती तळाची संपर्कपट्टी गंजली. कोरड्या हवेत ठीक आणि पावसात रडत-रखडत चालतात, तर आस गंजून आवळला आहे किंवा अर्थिंगची तार सैल आहे. काहीच हालचाल नाही, आवाजही नाही, तर पहिल्यांदा फ्यूज बघा.

फ्यूज उडाला की त्याला तांब्याची तार गुंडाळायची किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची, ही खोड आपल्याकडे फार आहे. आम्हाला ती बिलकूल पसंत नाही. फ्यूज उडतो म्हणजे मोटर जाम आहे किंवा तार कुठेतरी पत्र्याला घासते आहे. जाड तार घातली की फ्यूज जळत नाही, वायरिंग जळते. झाकणावर जितक्या अँपिअरचा आकडा लिहिलेला असतो तितक्याचाच फ्यूज घालावा आणि दोन जादा फ्यूज कप्प्यात ठेवावेत.

आता रबर. आपल्या भागातले रबर पावसापेक्षा उन्हाने आणि धुळीने मरते. गाडी वर्षातले आठ महिने उन्हात उभी, रबर करकरीत होते, त्याची धार फाटते आणि काचेवर पांढरे पट्टे उमटू लागतात. शिवाय आपल्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत ज्या शहरातल्या गाडीवाल्याला माहीत नाहीत. एक, कारखान्याच्या चिमणीची राख, आणि दुसरी, फडात पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी. (पाचट पेटवू नका, कुजवा, हे आम्ही दर अंकात सांगतो, त्यात आता काचेचेही कारण घालून घ्या.) राख हाताला मऊ लागते, पण तिच्यात बारीक रेती असते. सकाळी दव पडलेल्या काचेवर ही राख असताना वायपर सुरू केले की रबर सहाणेसारखे काम करते. काचेवर कमानीच्या आकाराचे ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा आला की सगळी काच पांढरी फक्क होते. त्या ओरखड्यांना घरगुती इलाज नाही. म्हणून आधी पाणी ओतायचे, मग ओल्या फडक्याने पुसायचे आणि त्यानंतरच वायपर. रबरही महिन्यातून दोनदा ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून पुसावे, किती काळे निघते ते बघा.

ब्लेड दरवर्षी मृगाआधी बदलावे. एक टन उसाच्या बिलात दोन्ही ब्लेड येऊन पैसे उरतात. नवे ब्लेड लावूनही काचेवर थडथड उडत असेल तर दोष हाताचा, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांडीचा आहे. प्रत्येक फेरीला रबराची धार उलट बाजूला झुकली पाहिजे. दांडी पिळली गेली असेल तर ती झुकत नाही, एका बाजूला पुसते आणि दुसऱ्या बाजूला उड्या मारते. पकडीने दांडी जपून किंचित सरळ केली की थडथड जाते. पाण्याच्या टाकीत बोअरचे खारे पाणी घालू नये. क्षाराने तोंडे बुजतात, मग टाचणीने उकरत बसावे लागते. आणखी एक जागा कुणी बघत नाही. बॉनेट संपते आणि काच सुरू होते तिथली जाळी. तिच्याखाली पाचटाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला आणि माती साठून पाण्याची वाट बंद होते. मग ते पाणी वायपरच्या मोटरीत नाही तर केबिनमध्ये उतरते. पायाखालची चटई कायम ओली लागते ना? आधी तिथे बघा.

हा वायपर आला कुठून, असे एका सभासदांनी विचारले होते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कला हिवाळ्यात ट्रामने जाताना त्यांनी बघितले, की चालकाला बर्फामुळे समोरचे दिसत नाही. त्यांनी आतून हाताने फिरवायची दांडी आणि बाहेर रबर अशी योजना केली. एका कंपनीने 'याला बाजारात किंमत नाही' म्हणून ती नाकारली. पेटंटची मुदत संपली, बाईंना पैसा मिळाला नाही, आणि आज वायपरशिवाय मोटार रस्त्यावर आणता येत नाही.

आता दाराच्या काचा. जुन्या जीपला हाताने फिरवायची किल्ली होती. जड चालायची, पण अडली तर हाताला कळायचे. आता बटण आले आणि कळणे गेले. दाराच्या आत छोटी मोटर असते. काही गाड्यांत ती कैचीसारख्या दांड्या उघड-मीट करते, तर काहींत बारीक तारेचा दोर कप्प्यांवरून ओढते, विहिरीच्या रहाटासारखा. कैचीवाली यंत्रणा दणकट. तारेवाल्यात प्लॅस्टिकच्या कप्प्या उन्हाने ठिसूळ होतात, तारेचे पदर सुटतात, आणि एक दिवस 'खडाड्' आवाज होऊन काच दाराच्या पोटात जाऊन बसते.

पण यंत्रणा मरते ती बहुधा चॅनलमुळे. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिच्यात धूळ आणि राख बसून ती कोरडी खडखडीत होते. काच घट्ट चालते, तिरकी होते, मोटरीवर ताण येतो आणि शेवटी क्लिप तुटते. काच चढताना रेंगाळू लागली की हा निरोपच समजावा. खाच ओल्या फडक्याने साफ करून सिलिकॉनचा फवारा मारावा. ग्रीस किंवा जळके ऑइल मुळीच नको. त्याने रबर फुगते आणि धूळ आणखी धरते.

काच अजिबात हलत नसेल तर गॅरेजला जाण्याआधी घरीच चार परीक्षा होतात. रात्री केबिनचा दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंदावला तर मोटरीपर्यंत वीज जाते आहे, अडकले आहे ते काच किंवा मोटर. दिवा तसाच राहिला तर वीजच पोहोचत नाही. ड्रायव्हरच्या बटणाने चालत नाही पण त्या दाराच्या स्वतःच्या बटणाने चालते, तर ड्रायव्हरकडच्या बटणात किंवा त्याच्या तारेत दोष. दार उघडे धरले की चालते आणि मिटले की बंद, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत तार तुटली आहे. तेरा वर्षे दार उघडले-मिटले की तांब्याचेही बळ सरते. आणि बटण दाबून धरून दाराला आतून थाप मारली की काच चालू लागते, तर मोटरीचे कार्बन संपत आले, आता फार दिवस नाहीत.

पावसात काच उघडीच अडकली तर एकाने बटण वरच्या बाजूला दाबून धरावे आणि दुसऱ्याने दोन्ही तळहातांत काच आतून-बाहेरून धरून वर ओढावी. पुष्कळदा चढते. चढली की दुरुस्ती होईपर्यंत त्या बटणाला हात लावू नये.

दार उघडून काम केले जाते तेव्हा मालकाने समोर उभे राहावे, असे आमचे मत आहे. दाराच्या पत्र्याला आतून एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. काही मिस्त्री तो फाडून फेकतात, 'काय कामाचा नाही' म्हणतात. कामाचा आहे. काचेवरून दारात उतरणारे पाणी तो केबिनकडे येऊ देत नाही. तो परत नीट चिकटवून घ्यावा. दाराच्या तळाशी पाणी जायला भोके असतात, ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते. दार हलवले आणि आत पाणी खळखळले तर समजा. तारेने भोके मोकळी करायला पाच मिनिटे लागतात.

लहान मुलांबद्दल दोन शब्द. जुन्या गाड्यांच्या पुष्कळ काचा मध्ये काही आले तरी थांबत नाहीत. मुलाने डोके बाहेर काढलेले असताना गुडघा बटणावर पडला तर काय होईल ते लिहायला नको. ड्रायव्हरच्या बाजूला बाकीच्या काचा बंद ठेवण्याचे बटण असते. गाडीत पोरे असली की ते दाबलेलेच ठेवावे, आणि पोरे सोडून किल्ली गाडीत ठेवू नये.

ज्यांच्या गाडीला पंधरा वर्षे होत आली त्यांना पुन्हा नोंदणी करावी लागते. ती पाच वर्षांची मिळते आणि त्यासाठी आरटीओकडे गाडी दाखवावी लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आला पाहिजे, आणि वायपर चालू पाहिजेत. पुढाऱ्याची गाडी वाटावी म्हणून काळ्या केलेल्या काचा तिथे चालत नाहीत. रात्री बांधावरच्या रस्त्यालाही त्या चालत नाहीत, हे आमचे स्वतःचे मत.

राहिली तंबाखूची गोष्ट. वायपर बंद पडले की ओली तंबाखू काचेवर चोळायची, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा उपाय. तो खोटा नाही. थेंब गोळा न होता पाणी सपाट पसरते आणि थोडे दिसू लागते. साबणाच्या वडीनेही तसेच होते. पण त्यावर घर गाठायला निघू नये. तेवढ्या दिसण्यावर गाडी रस्त्याच्या कडेला किंवा जवळच्या पेट्रोल पंपावर घ्यावी, चारी दिवे लुकलुकत ठेवावेत आणि पाऊस उघडेपर्यंत थांबावे. त्या सभासदांच्या आई आता गाडीत बसताना आधी वायपर फिरवून दाखव म्हणतात, आणि ते दाखवतात.