वंशवृक्षातली दुहेरी रेघ

आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञाचं काम कागद-पेनानं सुरू होतं. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. आजारी व्यक्तीचा आकार भरीव. अशा तीन पिढ्या मांडायच्या. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल, तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ.

ही रेघ का महत्त्वाची, ते कळायला थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचंच बघा. आईवडील दोघंही ठणठणीत. पण दोघांकडे बीटा-ग्लोबिन जनुकाची एकेक सदोष प्रत, म्हणजे दोघंही वाहक; नात्यातल्या लग्नात असं होण्याची शक्यता जास्त. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल आजारी, म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब नसतो.

रक्ततपासणीत एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार वाढलेला दिसला की वाहक बहुधा ओळखता येतो. वाहक असण्यात दोष ना सासरचा, ना माहेरचा. लग्नाआधी पत्रिकेबरोबर या तपासणीचा रिपोर्टही जरूर बघा.