का आणि कसं? : फुग्याला न शिवता फुग्यावर उपचार

सातपुड्यातून अक्कलकुव्याकडे उतरणारे ओढे वळणावर काठ कोरतात आणि तिथे डोह पडतो. डोहाच्या तोंडाशी दाट कूड घातला, तर मुख्य धार सरळ निघून जाते. आतलं पाणी संथ होतं आणि गाळ बसत डोह भरत जातो.

मेंदूतल्या धमनीची कमकुवत भिंत अशीच बाहेर फुगते. हा अ‍ॅन्युरिझम. लहान तोंडाच्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारांची वेटोळी भरतात. तोंड रुंद असेल, तर ती आत टिकत नाहीत. तिथे ‘फ्लो डायव्हर्टर’ कामी येतो. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि केसाहून बारीक तारांची जाळी मूळ धमनीत, फुग्याच्या तोंडावरून उघडतात. अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळालेल्या ‘पाइपलाइन’ जाळीत अशा 48 तारा विणलेल्या असतात. फुग्यातलं रक्त मंदावतं, गोठतं. काही महिन्यांत जाळीवर धमनीचं नवं अस्तर चढतं. तोवर जाळीत गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी अचानक उठली, तर बाम चोळत बसू नका. फुगा फुटल्याची ती खूण असू शकते. तडक रुग्णालय गाठा.