गुरे, मेंढ्या आणि पाऊस

ज्येष्ठ महिना लागलेला असतो. कुळवून ठेवलेली काळी जमीन तापून निघालेली असते. अकस्मात वारा पडतो, अंगाला घामाच्या धारा लागतात आणि बांधावर निमूटपणे चरणारे एखादे वासरू शेपटी उभारून चौखूर उधळते. त्याच्यामागून दुसरे धावते. म्हातारा शेतकरी आभाळाकडे पाहतच नाही. वासराकडे पाहून तो म्हणतो, "आज येणार बरं का!" आणि पुष्कळदा दिवेलागणीच्या सुमारास सर कोसळतेही.

जनावरांच्या वागणुकीवरून पाऊस ओळखण्याची ही रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिता' या ग्रंथात लवकरच येणाऱ्या पावसाच्या लक्षणांसाठी एक स्वतंत्र अध्यायच खर्ची घातला आहे. गाई माना वर करून सूर्याकडे पाहू लागल्या, गुरे घराबाहेर पडण्यास नाखूश दिसली व कान आणि खूर झाडू लागली, कुत्री छपरावर चढून आभाळाकडे पाहत भुंकू लागली, मुंग्या विनाकारण अंडी घेऊन निघाल्या, तर पाऊस जवळ आला असे समजावे, असे तो सांगतो. मुंग्यांची ही खूण तर आजही खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी आहे.

या समजुतींत तथ्य किती? वासराचेच उदाहरण घेऊ. सर येण्यापूर्वी हवा बहुधा दमट आणि कोंदट असते. अशा हवेत गोमाशांना चेव येतो. त्यांच्या दंशाने हैराण झालेले वासरू उधळते. म्हणजे ते पावसाची वार्ता देत नसते; गोमाशीविरुद्ध तक्रार करीत असते! परंतु गोमाशीचा चेव आणि पावसाची सर ही एकाच उकाड्याची अपत्ये असल्यामुळे शेतकऱ्याचा अंदाज अनेकदा खरा ठरतो. इंग्लंडातील खेडुतांची समजूत मात्र निराळी आहे. गाई कुरणात खाली बसल्या की पाऊस येणार, असे ते मानतात. पण गाय दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ बसून रवंथ करण्यातच घालविते. मग केव्हाही पाऊस आला, तरी कोणती ना कोणती गाय बसलेली सापडणारच! ज्या दिवशी गाई बसल्या आणि पाऊस आला, तो दिवस लक्षात राहतो; ज्या दिवशी आला नाही, तो विसरला जातो.

धनगराला मात्र असे विसरून चालत नाही. पुणे-सातारा भागातील कित्येक धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी घाट चढून माघारी येतात. देशावरच्या मेंढीला कोकणातील झड सोसत नाही. चिखलात उभे राहून तिचे खूर सडू लागतात. परतण्यास उशीर झाला, तर सारा कळपच संकटात सापडतो. म्हणून मेंढरे कशी चरतात, कशी दाटीने उभी राहतात, वारा कोठून येतो, हे सारे तो एकत्र पाहतो. एकाच खुणेवर तो विसंबत नाही.

या खुणा घटकेच्या वा दिवसाच्या आहेत. सबंध पावसाळा कसा जाईल, हे सांगू पाहणाऱ्या खुणांची गोष्ट वेगळी. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली, तर पाऊस भरपूर पडेल, असे म्हणतात. पण मोसमी पावसाचे कमीअधिक प्रमाण प्रशांत महासागराच्या पाण्याच्या उष्णतेसारख्या हजारो कोस दूरच्या गोष्टींशी निगडित असते. ते बिचाऱ्या टिटवीला कसे कळावे? पंचांगातील नक्षत्रांच्या वाहनांचा तर खऱ्या जनावरांशी काहीच संबंध नाही. सूर्य नव्या नक्षत्रात जातो, त्या वेळी त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येस ९ ने भागावयाचे. बाकी ३ उरली की बेडूक, ७ उरली की म्हैस. हा निव्वळ भागाकार आहे.

आणि नेमकी येथेच चूक महागात पडते. जिरायत शेतकऱ्याजवळ बियाणे बेताचेच असते. एका सरीला भुलून त्याने ते मातीत टाकले आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली, तर उगवलेला कोंब करपतो. मग दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागते. भारतात हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. आज त्याच्याजवळ उपग्रह आहेत, रडार आहेत. तरीही एखाद्या शिवारावर कोणत्या घटकेला सर येईल, हे दरवेळी अचूक सांगता येत नाही. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात.

तो म्हातारा शेतकरीही काही निराळे करीत नाही. वासरू उधळताच तो अंगणातला कडबा आणि गोवऱ्या आत घेतो. अंदाज चुकला, तर फुकट गेलेल्या श्रमांपलीकडे त्याचे काहीच जात नाही. पाभर मात्र तो लगेच बाहेर काढीत नाही. पाऊस पडून गेल्यावर तो शेतात जातो, हाताने माती उकरतो आणि ओल वीतभर खाली उतरली आहे की नाही, ते पाहतो.