'आजवर काम झालेले नाही' हे वाक्य लिहिण्याआधी

मागच्या आठवड्यात शहाद्याला घरी आले होते. शेजारची एक मुलगी पेटची तयारी करतेय, तिने सिनॉप्सिस वाचायला दिला. तिसऱ्याच ओळीत वाक्य: 'या विषयावर आजवर काम झालेले नाही.' हेच वाक्य कधीकाळी मीही लिहिलं होतं. गाईडनी शेजारी पेन्सिलने एवढंच लिहिलं, 'कुठे शोधलंत?' मग तिला जी गोष्ट सांगितली, तीच तुम्हालाही सांगते.

चरणजीत सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एलपी आली. टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलँड कंपनीची तीन यंत्रं, आणि त्यांवर भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग. टीबी-३०३ वर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, म्हणून मींडेचा भास होतो. रेकॉर्ड काही चालली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' केलं आणि 'ॲसिड हाऊस' ही शैली गाजली. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलने सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. हे तर पाच वर्षं आधीचं!

मग ॲसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला म्हणायचं का? थांबा, इथे तीन प्रश्न आहेत. आधी कोणी केलं? तारखा सांगतात, सिंग यांनी. एकाचं ऐकून दुसऱ्याने केलं का? तसा पुरावा नाही. मग साम्य कशामुळे? दोघांच्या हातात एकच यंत्र होतं. आधी असणं म्हणजे कारण असणं नव्हे, हे आपण स्टॅटिस्टिक्समध्ये शिकतो आणि प्रस्तावना लिहिताना विसरतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ती २८ वर्षं रेकॉर्ड होतीच, फक्त कुणाच्या नजरेत नव्हती. 'मला सापडलं नाही' आणि 'झालेलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलंच लिहा, पण पूर्ण लिहा: कुठल्या डेटाबेसमध्ये, कुठल्या शब्दांनी, कुठल्या तारखेपर्यंत शोधलं. शोधगंगा बघा, आणि मराठी-हिंदी शब्द टाकूनही बघा.

त्या संध्याकाळी तिला शोधगंगेवर दोन थिसिस सापडले. बिचारी हिरमुसली. म्हटलं, अगं, विषय गेला नाही. त्यांनी जिथे सोडलंय, तिथून तू सुरू कर.