चिनी भांड्यांची पारख : पातूर-बाळापूर भागांतील संग्राहकांसाठीं

वऱ्हाडांतील एखाद्या जुन्या वाड्यांत झिलईदार बरणी दिसली कीं ती चिनी, आणि चिनी म्हणून पुरातन, असें अनुमान संग्राहक सर्रास करतात. पातूर हें बाळापुराच्या शेजारचें गांव; अकोल्याहून वाशिमास जाणारा मार्ग येथून पुढें घाट चढतो. बाळापूर मोगल अमदानींतील मोठें ठाणें. तेथील किल्ला औरंगजेबाचा पुत्र आजमशहा ह्यानें आरंभिला व एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानें इ. स. १७५७ मध्यें पुरा केला. अशा मुलखांत परदेशी भांडें येणें शक्य खरें. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

प्रथम शब्दच घेऊं. दौलताबादेस इ. स. १६८७ नंतर गोवळकोंड्याचा तानाशहा ज्या चिनी महालांत कैदेंत होता, त्याचें नांव भिंतींवरील झिलईच्या फरशांवरून पडलें. चीन देशाशीं त्याचा संबंध नाहीं. तेव्हां जुन्या यादींत ‘चिनी’ शब्द आढळला तरी तेवढ्यानें भांड्याचें मूळ ठरत नाहीं. ‘मर्तबान’ हा शब्दही ब्रह्मदेशांतील एका बंदराच्या नांवावरून आला आहे. चौदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता आलें, मिरीं, लिंबें व आंबे मुरवून भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख करतो. आपल्या घरांतील लोणच्याच्या बरण्या मात्र बहुतांशीं अलीकडील कारखानी माल होत.

पारख करतांना भांडें उपडें करून बूड पाहावें, चित्रें मागाहून. जिंगदेझेन येथील निळ्या-पांढऱ्या भांड्यांची माती पांढरी व घट्ट असते. सुमारें १३०० अंशांच्या आंचेनें झिलई आणि माती एकजीव होतात, म्हणून फुटल्या कडेलाही झिलई सुटत नाहीं. इराणी किंवा देशी नकलांची माती सच्छिद्र असते व तिची झिलई पापुद्र्यासारखी उडते. लाँगच्वान येथील हिरवट भांड्यांची माती करडी. झिलई नसलेली बुडाची कड भट्टींत पुष्कळदां तांबूस झालेली दिसते. ह्यांसच दक्षिणेंत ‘घोरी’ म्हणत, आणि विषारी अन्न वाढतांच तीं तडकतात अशी समजूत होती. ह्या कथेनें भांड्याची किंमत वाढते, वय नव्हे. बुडावरील बादशाही शिक्क्यावरही विसंबूं नये. चंगह्वा (१४६५–१४८७) ह्या बादशहाचा शिक्का खांग्शी (१६६२–१७२२) ह्याच्या काळांतील भांड्यांवरही घातलेला आढळतो.

आमच्या मतें बाजारांत विकत मिळणाऱ्या अखंड भांड्यापेक्षां गांवच्या पांढरींतलें फुटकें खापर इतिहासाच्या अधिक कामाचें. चौल बंदरांत मिळालेल्या चिनी खापरांवरून परदेशी व्यापार उमगतो, तो तीं तेथेंच मिळालीं म्हणून. हौशी मनुष्य मात्र सुबक तुकडा खिशांत घालतो, आणि बरोबरची बांगडी, नाणें, साधें खापर टाकून देतो. पांढरीची माती तर शेतांत नेऊन पसरतात. एकदां ती हालली कीं कोणता तुकडा कशाबरोबर होता हें पुन्हां कळणें नाहीं.

म्हणून खणती लावूं नये. पावसाळ्यानंतर वर आलेले तुकडे जागेवरच ठेवून त्यांचें छायाचित्र घ्यावें; शेताचा गट क्रमांक, दिवस व सोबतचे जिन्नस वहींत टिपावे आणि पुरातत्त्व खात्यास कळवावें. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ऐवज सांपडल्यास इ. स. १८७८ च्या कायद्यान्वयें जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनें भांडें इ. स. १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें, व तें खासगी मनुष्यास परदेशीं पाठवितां येत नाहीं.